बटणाची मागची बाजू

पाहुणा दारात आला की आमची आत्या त्याच्या तोंडाकडे नंतर बघायची, आधी कोटाच्या बटणाकडे. धातूचं बटण दिसलं की चिमटीत धरून उलटं करायची, मागची बारीक अक्षरं निरखायची आणि मगच "या, बसा" म्हणायची. सगळे तिला बटणआत्या म्हणत.

भिंगारच्या कॅम्पात तिच्या यजमानांचं पलटणीचे कपडे शिवायचं दुकान होतं. बटणं लावणं आणि काढणं तिच्याकडे. कुठल्या कारखान्याचा शिक्का कसा, हे तिला पाठ होतं आणि कुणी विचारलं नाही तरी ती सांगायची. मी पडताळल्याशिवाय न मानणारा. एकदा वीस बटणांवर पुढून कागद चिकटवून ती तिच्यापुढे ठेवली, कुठली पलटणीची आणि कुठली बाजारातली ते मागून ओळखायला. एकोणीस बरोबर आली. विसावं चुकलं हे तिनं शेवटपर्यंत मान्य केलं नाही. "पुढून समदेच चमकत्यात," हे तिचं नेहमीचं वाक्य.

एकाहत्तरची लढाई संपली, तेव्हा खर्ड्याजवळच्या माझ्या सासुरवाडीनं ठरवलं, आजवर गावातून फौजेत गेलेल्यांची नावं दगडावर कोरायची. सासऱ्यांचे वडील पहिल्या महायुद्धात बसऱ्याला लढून आले होते. पण कागदपत्रं घराच्या आगीत गेलेली. उरला होता एक कोट. दर दसऱ्याला सासूबाई त्याची पितळी बटणं चिंचेनं घासत. इतकी, की वरचं चिन्ह पार पुसून गेलं होतं. सासरे तो पुरावा म्हणून पारावर घेऊन गेले, तेव्हा सरपंच म्हणाले, "असली बटनं बँडवाल्यांच्या कोटाला बी असत्यात." पारावरचे लोक हसले. सासऱ्यांनी घराबाहेर पडणं सोडलं.

मी आत्याला एस.टी.त बसवून नेलं.

पारावर तिनं कोट मांडीवर घेतला आणि बटण उलटलं. मागं चिंच कधी पोचलीच नव्हती. अक्षरं जशीच्या तशी. "बर्मिंगहॅमचा शिक्का हाय. फौजेला माल देनारा कारखाना. बँडवाल्याचं बटन मागून कोरं असतंय, सरपंच."

"मग कोट जुन्या बाजारातला असंल की."

आत्या याचीच वाट बघत होती. "लिलावाला कोट काढायच्या आदी फौज बटनं कापून घेती. म्या सवता कापल्यात. हितं तर दोरासुदिक मूळचा हाय. बटनासकट कोट गावात एकाच वाटंनं येतो. मानसाच्या अंगावरनं."

सरपंचांनी टोपी सारखी केली आणि पाथरवटाला म्हणाले, "घे रं, पयलं नाव ह्या कोटाच्या मालकाचं."

दगड उभा राहिला त्या दिवशी सासरे तोच कोट घालून आले. बाह्या मनगटाच्या बऱ्याच वर, पण छाती अशी पुढे, की बटणं तुटतील असं वाटावं. टाळ्या चालू होत्या आणि आत्या दिसेना. ती दगडाच्या मागे वाकून काहीतरी शोधत होती.

"घडवनाऱ्याचं नाव कुटं हाय?" तिनं पाथरवटाला विचारलं. "आमचं कोन कोरतंय?" तो म्हणाला. तिनं त्याला तिथल्या तिथं छिन्नी घ्यायला लावली आणि त्याचं नाव पूर्ण होईपर्यंत उन्हात उभी राहिली.

आत्या जाऊन बरीच वर्षं झाली. सासुरवाडीला गेलो की सगळे दगडापुढे थांबून नावं वाचतात. मी आधी मागे जातो.