ग्रुप जिवंत ठेवताना

दूध संघाच्या साताऱ्याच्या कार्यालयात मी कंत्राटावर लागले, तेव्हा गावोगावच्या संकलन केंद्रांच्या सचिवांचा व्हॉट्सॲप ग्रुप करण्याची कल्पना माझीच होती. जनावर आजारी पडलं किंवा दुधाला फॅट लागेना, तर सचिवांनी तिथं विचारायचं. संघाचे डॉक्टर सांगतील, नाहीतर दुसऱ्या गावचा सचिव सांगेल. साहेबांना कल्पना आवडली. ग्रुप झाला आणि दोन महिने त्यावर कुणी एक अक्षर लिहिलं नाही.

दर शनिवारी साहेब विचारायचे, "किती मेसेज?" मी शून्य सांगायची. कंत्राट मार्चला संपणार होतं. घरात माझ्याच पगारावर चूल पेटत होती. शेवटी मी एकेका सचिवाला फोन केला. "काहीही टाका हो, पण टाका."

त्यांनी टाकलं. गुलाब, कपबशी, उगवता सूर्य, शुभ सकाळ, वाढदिवस. सकाळी सहापासून फोन थरथरायला लागायचा. साहेबांनी मीटिंगमध्ये माझं कौतुक केलं, कंत्राटही वाढलं. मी सुटले, असं वाटलं.

मग आमच्या भागात जनावरांचा लम्पी रोग आला.

कराडजवळच्या एका केंद्राची सचिव माझ्याच वयाची होती. नवरा सैन्यात, घरी सासू आणि तीन गायी. केंद्रावर माप घेताना तिचा हात कधी चुकला नाही. एका सकाळी तिनं ग्रुपवर गायीच्या पाठीचा फोटो टाकला. कातडीवर गाठी होत्या. खाली लिहिलं होतं, 'ह्ये काय असंल?' त्या दिवशी संघाच्या अध्यक्षांचा वाढदिवस होता. तिच्या फोटोखाली शुभेच्छांची रीघ लागली. त्यात माझीही होती. मी केकचा फोटो टाकला आणि वरचं काही न वाचता फोन बाजूला ठेवला.

चार दिवसांनी तिच्या गावातून जनावरं आजारी असल्याचा फोन आला, तेव्हा मी ग्रुप मागे सरकवून तिचा फोटो बघितला. मी डॉक्टरांना घेऊन गेले. गाडीत त्यांना विचारलं, "तुम्हीही नाही बघितलं?"

"मॅडम, तो ग्रुप मी कधीच म्यूट केलाय," ते म्हणाले. "रोज गुलाब कोण बघणार?"

गोठ्यात वासरू मेलेलं होतं. गाय मान टाकून बसली होती. आजूबाजूच्या गोठ्यांतही जनावरांच्या अंगावर गाठी उठल्या होत्या. ती सचिव रडत नव्हती. फोन माझ्यापुढे धरून म्हणाली, "आवं मॅडम, मी टाकला व्हता की फोटू. तुमच्या केकाच्या वरच हाय बघा."

डॉक्टर इंजेक्शन भरत राहिले. मला तिथून पाय उचलवेना आणि थांबवेनाही. गाय दुसऱ्या दिवशी गेली.

मी परत येऊन शुभेच्छा बंद केल्या. साहेब चिडले. "चालू ग्रुप मारलात तुम्ही." खरंच सगळं थांबलं. पण प्रश्नही येईनात. मीच रोज सकाळी विचारायची, 'कुणाचं जनावर आजारी आहे का?' उत्तराला नुसते अंगठे यायचे. कुणाचा फोटो दिसला की मी हातातलं काम टाकायची. उघडून बघावं तर कुणाच्या तरी नातवाचा असायचा.

एके दिवशी कराडकडची ती सचिव ग्रुपमधून बाहेर पडली. मी तिला परत घेतलं. ती परत बाहेर पडली. तेव्हा मी फोन केला. माफी मागायची होती, पण तोंडून निघालं, "तुम्ही ग्रुपवर पाहिजे हो."

"माजा राग न्हाई मॅडम," ती म्हणाली. "पर हितं लिवायचं आन् वाट बघत बसायचं, त्ये आता हुईना. डाक्टरांचा नंबर हाय माज्याकडं."

त्या आठवड्यात तिच्या शेजारच्या दोन गावांच्या सचिवही बाहेर पडल्या. शनिवारी साहेबांनी आकडा विचारला. मी काहीतरी सांगितलं आणि जागेवर येऊन बसले. ग्रुप उघडा होता. 'कुणाचं जनावर आजारी आहे का?' एवढं लिहिलं आणि पुसून टाकलं.