निवेदिताची जाड गोधडी

दुसऱ्याची चूक हुडकून तिचं हसं करण्यात निवेदिताचा हात धरणारं चाकणच्या पट्ट्यात कुणी नव्हतं. राहायची कासारवाडीला, नोकरी बॅटरीच्या पावडरी बनवणाऱ्या कंपनीत. कुठल्या ऊर्जेचे क्ष-किरण पावडर किती शोषेल, याचं गणित ती संगणकावर मांडायची.

गणितातून आलेखावर निघतात नुसत्या उभ्या काठ्या. खऱ्या मोजणीत मात्र टेकड्या दिसतात. क्ष-किरणाने अणूच्या आतला इलेक्ट्रॉन उडवला की मागे राहिलेली पोकळी लगेच भरून जाते, आणि इतकं अल्पायुषी जे असतं त्याची ऊर्जा नेमकी राहत नाही, पसरते. त्यात यंत्राची नजरही जरा अधूच. म्हणून काठ्याही पसरवाव्या लागतात.

"काठ्यांवर गोधडी टाकायची," ती नव्या पोरांना सांगायची. "पातळ टाकलीत तर काठी न् काठी कळेल. जाड टाकलीत तर सगळ्यांचं मिळून एकच टेंगूळ. आणि किती जाड, ते आपल्या मनावर नसतं बरं का."

पण आपला तो बाब्या. नव्या पावडरीत अणू कसे बसलेत, ती रचना निवेदितानेच सुचवलेली, दोन वर्षं भांडून पुढे रेटलेली. तिच्या आलेखात पायथ्याशी एक उंचवटा येत होता आणि मोजणीत तो नव्हताच. म्हणजे रचना चूक. बाईंनी गोधडी जाड केली. उंचवटा गडप, आलेख तंतोतंत जुळला. विभागप्रमुख सलिल सर खूश झाले; सोमवारी गिऱ्हाइकाला दाखवायचं ठरलं.

जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या टेबलावरच्या क्षितिजने तिच्या डब्याशेजारी एक आलेख ठेवला. "मॅडम, हा तुमचाच ना?"

"माझाच की. बघ, मोजणीवर कसा चपखल बसलाय."

"ही तुम्ही गेल्या महिन्यात नापास केलेली माझी रचना आहे. गोधडी तेवढी तुमची घेतली."

निवेदिता आधी खो खो हसली. मग हातातला घास तिने परत डब्यात ठेवला. दोन वर्षांचा हट्ट असा डब्यापाशी मोडावा, याचं तिला फार वाईट वाटलं.

"मेल्या, जेवण तरी होऊ द्यायचंस," एवढंच ती म्हणाली.

जागेवर जाऊन तिने गोधडी असायला हवी तेवढीच जाड ठेवली. उंचवटा पुन्हा वर आला. तो आलेख घेऊन ती सलिल सरांकडे गेली.

"सर, माझी रचना चुकली. सोमवारी हेच सांगू."

सरांनी आलेख उलटसुलट करून पाहिला. "थोडं जाड ठेवलं तर नाही का चालणार?"

"चालेल की," निवेदिता म्हणाली. "मग पावडरसुद्धा कुठलीही चालेल."