माइकबाईंची खालची कवळी

कारागिराने तिला पहिल्यांदा ओळखलं ते कानाने. चेहरा दिसायला त्यानंतर सात महिने जावे लागले.

दातांच्या दवाखान्याच्या मागच्या अंगाला त्याची खोली होती. एक लांब ओटा, ओट्यावर घासायची मोटर, मेण वितळवायचा दिवा आणि भिंतीभर फळ्या. फळ्यांवर लोकांच्या तोंडांचे प्लास्टरचे साचे, प्रत्येकाच्या बुडाला पेन्सिलीने आकडा. खिडकीबाहेर अरुंद बोळ आणि बोळापलीकडे बस स्थानक. स्थानकाचा एक भोंगा नेमका या खिडकीच्या रोखाने लावलेला होता. कोणती गाडी, कुठला फलाट, किती उशीर, हे सांगणारा एका बाईचा आवाज त्यातून दिवसभर येई. आसपासच्या दुकानदारांच्या तो इतका अंगवळणी पडला होता की त्यांना तो ऐकूही येत नसे. कारागिराला मात्र एके दिवशी त्यात बारीकशी शिट्टी ऐकू आली. ‘सहा वाजून सात मिनिटांनी सुटणारी’ म्हणताना प्रत्येक ‘स’मधून वारा निसटत होता.

“पुढचा वरचा गेला,” तो मोटर न थांबवता स्वतःशीच म्हणाला. पुढे दोन महिन्यांनी म्हणाला, “शेजारचाही गेला.”

माणूस तसा अबोल. तीस वर्षं त्याने लोकांचे दात बनवले, पण लोकांची तोंडं फारशी पाहिली नव्हती. डॉक्टरांनी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “मामा, तोंड माझं, साचा तुमचा.” डॉक्टर वयाने लहान, पण शिस्तीचे. माप ते घेणार, कवळी ते बसवणार, टोचली तर ते बघणार. कारागिराकडे यायचं ते फक्त प्लास्टर. यात त्याला कमीपणा वाटत नसे. साचा हातात धरून तो सांगू शके की हा माणूस एकाच बाजूने चावतो, ही बाई झोपेत दात खाते. पण सांगायचं कुणाला, म्हणून गप्प राही.

सात महिन्यांनी डॉक्टरांनी त्याला बाहेर बोलावलं. खुर्चीत पन्नाशी ओलांडलेली एक ठेंगणी बाई बसली होती. हिरड्या खराब होऊन तिचे बहुतेक दात गेले होते, उरलेले डॉक्टरांनी काढले होते, आणि आता मेणात रचलेले नवे दात तोंडात घालून बघायचे होते.

“या बाईंचं पोट बोलण्यावर आहे,” डॉक्टर म्हणाले. “दिसायला ठीक आहे. ऐकायला कसं वाटतं ते तुम्ही सांगा, मामा.”

बाईने मान ताठ केली आणि समोरच्या भिंतीला उद्देशून सांगितलं, “सहा वाजून सात मिनिटांनी सुटणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे.”

“माइकबाई,” कारागिराच्या तोंडून निघून गेलं.

“तुम्ही मला ओळखता?”

“रोज ऐकतो. दोन दात गेले तेव्हापासून जरा जास्तच लक्ष देऊन ऐकतो.”

ती खो खो हसली, मेणाचे दात पडता पडता राहिले. मग तासभर दोघांचं चाललं. तिने एकेक गाडी सांगायची, त्याने दात काढून घेऊन पुढचं मेण नखाएवढं खरवडायचं, पुन्हा द्यायचं. डॉक्टर दोन पेशंट बघून आले तरी यांचं संपेना. शेवटी तिचा ‘स’ असा सुटला की बाहेर बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्याने गाडी चुकेल म्हणून पिशवी उचलली.

त्या दिवशी तिला त्याच्या खोलीचं बोळात उघडणारं मागचं दार ठाऊक झालं.

दोन वर्षं कवळ्यांनी उत्तम काम केलं. ती अधूनमधून दारात डोकावे. “भाऊ, आज कसं ऐकू येतंय?” असं विचारे आणि उत्तराची वाट न बघता घरच्या गोष्टी सांगे. नवरा बसचा ड्रायव्हर होता, आता निवृत्त. “आमचे साहेब आयुष्यभर इंजिनाशेजारी बसले. कानांचं मातेरं झालं. आता मी बोलते आणि ते मान हलवतात. संसार सुखाचा चाललाय.” मूलबाळ नव्हतं. स्थानकावर हरवलेली पोरं तिच्याच खोलीत आणून बसवत. त्यांची नावं ती भोंग्यावरून इतक्या मायेने पुकारी की आया रडतच यायच्या. हरवलेली छत्री आणि हरवलेलं मूल यांत ती आवाजाने फरक करते, असं कारागीर म्हणे. या आवाजात आपलाही थोडा हात आहे, हे त्याला मनातून सुखावत असे. ते तो कुणाला बोलून दाखवत नसे, इतकंच.

तिसऱ्या वर्षी, उन्हाळ्याच्या तोंडावर, ती रुमालात खालची कवळी गुंडाळून दारात उभी राहिली.

“भाऊ, आतल्या बाजूने टोचतेय. डावीकडे, जिभेला लागून. जरा घासून द्या.”

“डॉक्टरांना दाखवा ना, ताई.”

“डॉक्टरांकडे बाहेर अकरा माणसं बसलीत. मला अकरा मिनिटांत माइकवर जायचंय. आणि यात डॉक्टर काय करणार? घासायला शेवटी तुमच्याकडेच देणार.”

ते खरंच होतं. टोचतं कुठे ते कळण्याची युक्ती डॉक्टरांचीच होती आणि तिने ती पाहून ठेवली होती. दुखऱ्या जागी लिपस्टिकचा ठिपका लावायचा, कवळी दाबून बसवायची, ठिपका कवळीवर उमटतो. तसा ठिपका ती घेऊनच आली होती. त्याने लाल खूण होती तेवढीच कड घासली, गुळगुळीत केली, पाण्याखाली धरली आणि दिली. ती तोंडात घालून म्हणाली, “तुमच्या हाताला गुण आहे, भाऊ.” आणि गेली.

पंधरा दिवसांनी पुन्हा आली. ठिपका त्याच जागी.

नवी कवळी टोचते, नवा जोडा चावतो तशी. दोन वर्षं निमूट बसलेली कवळी अचानक टोचायला लागली तर का, हा प्रश्न त्याच्या मनात आला होता. पण मोटर सुरू झाली की हात पुढे आणि मन मागे, अशी त्याची सवय. त्याने घासलं. तिसऱ्यांदाही घासलं. चौथ्यांदा तो म्हणाला, “ताई, आता मात्र डॉक्टरांना दाखवाच,” आणि असं म्हणत म्हणतच घासलं. पाचव्यांदा काही म्हणालाही नाही. दरवेळी तिला बरं वाटे आणि ती हसत जाई. हात कसबी नसता तर तिचं दुखणं थांबलं नसतं, आणि ते थांबलं नसतं तर ती मुकाट्याने पुढच्या दाराने डॉक्टरांकडे गेली असती. हे त्याला फार उशिरा उमगलं.

सहाव्यांदा ती आली तेव्हा लाल ठिपका कवळीवर नीट उमटलाच नव्हता. कडेवर नुसता पुसट डाग. घासायला तिथे फारसं काही उरलं नव्हतं. कड कागदासारखी पातळ झाली होती.

“दुखतं का?” त्याने विचारलं.

“नाही हो. दुखायचं थांबलं. नुसतं जाड वाटतं. कवळी अजून टेकतेय तिथे.”

त्याने फळीवरून तिचा साचा काढला. चारशे बारा. साच्यावर कवळी बसवली आणि खिडकीच्या उजेडात धरली. उजवी बाजू अजून साच्याला चिकटून होती. डावीकडे, जिभेच्या बाजूला, कवळी आणि प्लास्टर यांच्यात लांबट फट पडली होती. कानावरची पेन्सिल काढून त्याने आत सरकवून पाहिली. ती सहज गेली.

एवढी फट असेल तर कवळी तिथे कशालाच टेकायला नको. घास अडकायला हवा, कवळी हलायला हवी. आणि ही बाई म्हणतेय, टेकते.

म्हणजे दोन वर्षांपूर्वी त्या जागी जे नव्हतं, ते आता होतं. तो जागा करून देत होता आणि ते ती भरत होतं.

“काय झालं, भाऊ?”

“काही नाही,” तो म्हणाला. त्याने मोटरच्या चाकीवर कड नुसती पुसल्यासारखी केली आणि कवळी तिच्या हातात दिली.

हे शनिवारी घडलं. रविवार गेला. सोमवारी त्याने स्वतःला समजावलं की प्लास्टर झिजतं, साचा जुना आहे. मंगळवारी दोनदा डॉक्टरांच्या दारापर्यंत जाऊन तो परत फिरला. सहा वेळा त्यांच्या पाठीमागे कवळी घासली हे सांगावं लागणार होतं. शिवाय, एकदा बोललं की ते खरं होणार होतं. तो ओट्याशी बसे आणि मोटर बंद ठेवून ऐके.

भोंग्यातला आवाज जड झाला होता. ‘स’ अजूनही स्वच्छ होता, ते त्याचं काम होतं. पण ‘ल’ आणि ‘ट’ म्हणायला जीभ वर जायची तिथे पोचत नव्हती. आणि बुधवारी त्याच्या लक्षात आलं की तिने ‘फलाट’ हा शब्दच सोडून दिला आहे. “क्रमांक चारवर येत आहे,” एवढंच ती म्हणत होती. म्हणजे तिलाही ठाऊक होतं. घरी नवरा मान हलवत असेल, स्थानकावर कुणी ऐकत नव्हतं. सबंध गावात हे ऐकणारा माणूस एकच होता आणि तो गप्प बसला होता.

गुरुवारी सकाळी तो साचा घेऊन डॉक्टरांसमोर उभा राहिला. जिथे जिथे घासलं तिथे त्याने पेन्सिलीने रेघा मारल्या होत्या.

डॉक्टरांनी साचा फिरवून पाहिला. “किती वेळा?”

“सहा.”

“किती दिवसांत?”

“दहा आठवडे.”

डॉक्टर साचा ठेवून उठले. खुर्चीतल्या पेशंटला “आलोच” म्हणाले, खिशात टॉर्च टाकली आणि मागच्या दाराने निघाले. कारागीर त्यांच्यामागून गेला.

माइकची खोली म्हणजे काचेचं एक कपाटच होतं. दोघांना आत शिरताना बघून ती म्हणाली, “अरे बापरे, डॉक्टर स्वतः? कवळी परत मागायला आलात की काय?”

“दोन मिनिटं तोंड उघडा.”

“इथे?”

“इथेच.”

तिने कवळ्या काढून रुमालात ठेवल्या. डॉक्टरांनी जीभ रुमालाने धरून उजवीकडे घेतली आणि टॉर्च मारली. आयुष्यात पहिल्यांदाच कारागिराने वाकून आत पाहिलं. त्याने कवळ्यांवर घडवलेल्या सगळ्या गुलाबी हिरड्यांपेक्षा ते वेगळं होतं. पांढरट, खरबरीत, कडा उचललेलं.

“आज मोठ्या दवाखान्यात जायचं. आत्ता. मी चिठ्ठी देतो,” डॉक्टर म्हणाले.

तिने डॉक्टरांकडे नाही, कारागिराकडे पाहिलं. “तुम्हाला कधी कळलं, भाऊ?”

“शनिवारी.”

“आज गुरुवार,” ती म्हणाली. त्यात राग नव्हता. उशिरा आलेल्या गाडीची नोंद घ्यावी तसं म्हणाली. मग माइककडे वळली. “एक गाडी राहिलीय सांगायची. तेवढी सांगते.” आणि दातांशिवाय तिने ती सांगितली. बाहेर काही माणसं भोंग्याकडे मान वर करून बघू लागली.

शस्त्रक्रिया नऊ तास चालली. जिभेचा डावा भाग आणि खालच्या जबड्याची डावी कड काढावी लागली. दोन महिने आधी आला असतात तर हाड वाचलं असतं, असं तिथल्या सर्जनने सांगितलं. हे कारागिराला कळलं ते तिच्या नवऱ्याकडून. ड्रायव्हरसाहेब एका दुपारी मागच्या दाराने आले. प्लास्टिकच्या डबीत दोन्ही कवळ्या होत्या.

“या आता तिला बसत नाहीत,” ते ऐकू न येणाऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाले. “ती म्हणाली, भाऊंना सांगा, नवी खालची करून द्या.”

“खाली आता कवळी बसणार नाही, साहेब.”

“काय?”

“कवळी धरायला खाली हाड राहिलं नाही.”

“जरा मोठ्याने बोला.”

कारागिराने ते तिसऱ्यांदा सांगितलं, बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. साहेबांनी मान हलवली. समजून हलवली की सवयीने, ते कळलं नाही. डबी त्यांनी ओट्यावरच ठेवली.

डॉक्टर त्याला कधी रागावले नाहीत. मागच्या दाराला कडी मात्र त्याने स्वतः बसवून घेतली. कुणी ठोठावलं की तो आतूनच सांगतो, “पुढून या. आधी डॉक्टर.”

ती चार महिन्यांनी कामावर परतली. तोवर भोंग्यावर दुसरी मुलगी आली होती. माइकबाईंना स्थानकाच्या सामानाच्या खोलीत बसवलं आहे, तिथे बोलावं कमी लागतं. तिचं बोलणं बहुतेकांना दोनदा ऐकावं लागतं. कारागिराला पहिल्याच वेळी समजतं, म्हणून लोक कधी कधी त्याला बोळातून बोलावून नेतात. जेवण ती सगळं वाटून, पातळ करून घेते आणि उजव्या बाजूने गिळते. दर तीन महिन्यांनी तपासणी असते. गेल्या खेपेला मानेत उजवीकडे एक गाठ लागली. तिचा तुकडा तपासायला दिला आहे, आणि उत्तर सोमवारी मिळणार आहे.