चाफ्याच्या पुडीची गाठ

आमच्या वाडीतली विहीर गोडी आहे, पण तिची थट्टा चालत नाही. पंप गरजेपेक्षा जास्त चालला की खालून खारं पाणी चढतं आणि सोनचाफ्याच्या पानांच्या कडा करपतात. वडील ओंजळीत पाणी घेऊन चाखायचे आणि पंप बंद करायचे. आजारपणात त्यांच्या जिभेची चव गेली, तेव्हा मी पत्त्याच्या पानाएवढा एक कॉम्प्युटर बोर्ड आणून त्याला पाण्यातला खारेपणा मोजायला बसवलं. खारं लागलं की तो बोर्डच पंप बंद करायचा. वडिलांनी त्याला हळदकुंकू वाहिलं.

तो जळला तो नेमका चिपांच्या टंचाईच्या काळात. बोर्ड कुठेच मिळेनात. ऑनलाइन दुकानं माणशी एकच देणार, आणि तेही बघता बघता संपणार. या बोर्डांचा नाद मला लावला होता पापडी गावातल्या माझ्या शाळेपासूनच्या मित्राने. तो म्हणाला, "टेन्शन नको घेऊ यार, घरच्या सगळ्यांचे नंबर दे. प्रत्येकाच्या नावाने ऑर्डर टाकतो, एक तरी लागेल." मी सगळ्यांचे ओटीपी त्याला सांगितले, अगदी आईचासुद्धा. आठवड्याने म्हणाला, "सगळ्या कॅन्सल झाल्या रे. बॅड लक." वर मीच त्याची समजूत घातली!

तोवर रोज कामावर जाण्याआधी मी पाणी चाखत उभा. एके दिवशी चुकलो आणि विहिरीलगतची चाफ्याची ओळ करपली. वडील करपलेली पानं चुरगाळत राहिले. त्याच दिवशी मी एका अनोळखी ऑनलाइन विक्रेत्याकडून तिप्पट भावाने बोर्ड मागवला. शिव्या घालत मागवला.

पार्सल आलं. वरचा खोका फोडला, तर आत बोर्डाची डबी केळीच्या खोडाच्या सुकल्या सोपटाने बांधलेली, टोक दोनदा आत खोचलेलं. माझे हातच थांबले. मित्राच्या घरी चाफ्याच्या पुड्या अशाच बांधतात. लहानपणी मी त्या त्याच्या आईच्या शेजारी बसून बांधल्यात, आणि टोक एकदाच खोचलं म्हणून टपलीही खाल्ली आहे.

तडक पापडी गाठली. तो ओशाळला, पण क्षणभरच. "मार्केट आहे रे. मी नाही तर दुसऱ्याने विकले असते." आमच्या घरच्यांच्या नावावर आलेले बोर्डही त्यातच गेले होते. मी संतापलो होतो. एवढंच विचारलं, "हा मला विकतोयस, हे तुला माहीत होतं?"

"आईशप्पथ नाही. एवढी पार्सलं जातात, नाव कोण बघतं?"

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. लोभी तर लोभी, पण माझ्यावर नेम धरून केलं नाही ना! एवढ्यावर मी बाकीचं सगळं गिळायला तयार होतो.

बाहेर ओटीवर त्याची आई चाफा बांधत बसली होती. मला बघून हसली.

"पोचलं ना रे नीट? तुजं पार्सल हाय असं बोलला तो, म्हणून मी दोन येढं जास्तच मारलं."

मित्र माझ्या मागे दारात उभा होता. मी वळून पाहिलं नाही.

"नीट पोचलं, काकी," मी म्हणालो.