साखळी, खांब आणि अटी लागू

विणकामाच्या पिशवीत लोकरीचे तुकडे कधी साठतात ते कळत नाही. आमच्या क्रोशाच्या क्लासमधल्या किश्श्यांचंही तसंच झालंय! खांदा कॉलनीत नलिनीताईंच्या हॉलमध्ये शनिवारी दुपारी आम्ही तिघं शिकाऊ जमतो. मी, वीज खात्यातून रिटायर झालेले साठेकाका आणि गव्हाणच्या वनिताकाकू. ताई नमुन्याचे कागद स्वतः टाइप करून आणतात आणि तिथूनच सगळा घोळ सुरू होतो.

•

पहिल्याच दिवशी काकांनी चष्मा वर सरकवला.

"ताई, जागोजागी डीसी लिहिलंय. एसी कुठेय?"

"काका, डीसी म्हणजे डबल क्रोशे. आपला खांब."

"मग सरळ पोल लिहा की! जन्मभर तेच उभे केलेत मी."

•

माझ्या कागदावर एका ओळीच्या आधी चांदणी होती, नंतरही चांदणी. मी कागद उलटसुलट करून पाहिला.

"काय शोधतेयस?" ताईंनी विचारलं.

"अटी लागू कुठे लिहिलंय ते!"

दोन चांदण्यांमधलं काम परत परत करायचं असतं म्हणे. मी एकदाच करून पुढे गेले होते. चौकोनी रुमाल त्रिकोणी झाला होता.

•

ओळ संपली की 'टर्न', म्हणजे विणकाम उलटं फिरवायचं. काकू मात्र दर ओळीला उठायच्या, स्वतःभोवती गिरकी घ्यायच्या आणि परत बसायच्या. सहाव्या ओळीला लोकर कमरेला गुंडाळली गेली.

"ताई, सगल्यांनाच चक्कर येते का मनाच?"

•

काकांनी नातवासाठी टोपी विणायला घेतली. शेवटची सूचना होती, 'हवी तेवढी लांबी होईपर्यंत विणा.' टोपी दोन फूट झाली!

"अहो काका, थांबायचं ना!"

"हात आत्ता कुठे बसत होता. मला हवीच होती अजून!"

सध्या त्यांच्या घरी त्या टोपीत लसूण टांगलेला असतो.

•

मग एका शनिवारी काकूंच्या नातीचं बारसं दुसऱ्याच दिवसावर आलं. तिच्यासाठी काकू विणत असलेली टोपी अर्धीच होती. कागदावर लिहिलं होतं, सहाव्या फेरीत एकोणचाळीस खांब. काकूंचे छत्तीसच भरायचे.

"तीन खांब गाळताय तुम्ही," ताई म्हणाल्या. काकूंनी उसवलं. पुन्हा छत्तीस. असं चार वेळा झालं. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, पण सुई सोडली नाही.

शेवटी काकांनी पेन काढलं. "दर फेरीला सहा वाढतात. पाचवीत तीस. तीस आणि सहा?"

ताईंनी कागद हातात घेतला, दोनदा वाचला आणि कानाच्या पाळ्या धरल्या. "चूक माझीच. काकू, तुमच्या लक्षात आलं होतं?"

"पयल्याच खेपेला. मिठागरावर पाट्या मोजायची मी. आकडा नाय चुकत माझा."

"अहो, मग चारदा उसवलंत कशाला?"

काकूंनी सातवी फेरी सुरू केली.

"मना वाटला, कवा तरी कागदाला समजंल!"