टोनच्या नॉबवरची चिकटपट्टी

माझं जुनं ओव्हरड्राइव्ह पेडल मागच्या हिवाळ्याच्या तोंडावर गेलं. गेलं म्हणजे, पायाने खटका दाबला की कधी लागायचं, कधी नाही, आणि भर कार्यक्रमात असल्या लहरी गड्याच्या भरवशावर राहता येत नाही. मी आमच्या गायन पार्टीत गिटार वाजवतो. दिवसा सरकारी कार्यालयात फायली सरकवायच्या आणि सुट्टीच्या दिवशी विहारांच्या, वस्त्यांच्या मंचावर भीमगीतांना साथ करायची, यातच माझं अर्धं आयुष्य गेलं. आजोबांनी याच शहरात दीक्षा घेतली. तेव्हापासून आमच्या घरी गाणारे येत राहिले, जेवत राहिले, पण घरातून वाजवणारा निघाला तो मीच पहिला. त्याची मला जरा घमेंड आहे, ती आधीच सांगून टाकतो.

ज्यांनी हे पेडल कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. इलेक्ट्रिक गिटार सरळ स्पीकरला जोडली तर तिचा सूर टिण् करून उमटतो आणि विझतो. ढोलकी, ऑक्टोपॅड आणि खड्या आवाजाचा गायक यांच्या गर्दीत तो कुणाच्या लक्षातही येत नाही. ओव्हरड्राइव्हची डबी त्या सुराला जरा जास्त रेटते, इतकी की तो कडेकडेने फाटतो. त्या फाटण्यामुळेच तो लांबतो, भरतो, त्याला गळा फुटतो. डबीवर तीन नॉब असतात. ड्राइव्ह म्हणजे किती फाटायचं, लेव्हल म्हणजे किती मोठ्याने, आणि टोन म्हणजे सुराला धार किती. पहिल्या दोघांवर आम्ही वाजवणारे तासन्‌तास भांडू शकतो. तिसऱ्याकडे कुणी फारसं बघत नाही, आणि माझं सगळं त्या तिसऱ्यावरच येऊन अडलं.

नवं पेडल घ्यायला मी धरमपेठेत गेलो. बायको सोबत होती, कारण तिचा चष्मा तयार झाला होता आणि चष्म्याचं दुकान त्याच रस्त्यावर. वाद्यांचं दुकान पहिल्या मजल्यावर आहे. मालक ओळखीचे, सावकाश बोलणारे. त्यांनी एकेक डबी काढून जोडून दिली. पहिलीचा आवाज मला नाकातून आल्यासारखा वाटला. दुसरी बरी होती, पण झाकलेली. तिसरीही झाकलेली. मी प्रत्येकीचा टोन शेवटपर्यंत फिरवायचो, जोरात छेडायचो आणि मान हलवायचो. "काय हो, आजकाल माल असाच येऊन राहिला का? सूर खुलतच नाही," असं मी दोन-तीनदा म्हणालो. मालक हसले. त्यांनी हळूच हात पुढे करून टोन अर्ध्यावर आणला, आणि मी तो पुन्हा शेवटाला नेला.

तेवढ्यात माझं लक्ष बायकोकडे गेलं. ती स्टुलावर बसून पदर कानावर दाबून होती. मालकांनी टोन खाली आणला की तिचा चेहरा सैल व्हायचा, मी वर नेला की दात शिवशिवल्यासारखा व्हायचा. मालक तिच्याकडे बघत होते आणि ती मालकांकडे. त्या दोघांना काहीतरी कळलं होतं आणि ते मला सांगायची दोघांचीही हिंमत होत नव्हती. मी काहीच न घेता उठलो.

खाली स्कूटरजवळ आल्यावर ती म्हणाली, "तुमाले ते टोचत नाही का जी?"

"काय टोचते?"

"तो आवाज. ताटावर चमचा ओरबाडल्यासारखा येत होता. सगळ्याच डब्यांचा. तुमी झाकला, झाकला म्हणून राहिले, आणि माह्या कानात सुया जाऊन राहिल्या होत्या."

मी तिला उडवून लावलं. गिटारीतलं तुला काय कळते, असंही बोललो. ती चिडली नाही. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती शांतपणे म्हणाली, "फ्रिजचं दार उघडं राहिलं तर ते पिप पिप करते, माहीत आहे का तुमाले?"

"आपला फ्रिज नाही करत."

"करते. तुमी पाणी पिता, दार तसंच ठेवता, आणि ते तुमच्या पाठीमागं कोकलत राहते. मी येऊन लावते. साल होऊन गेलं असन."

घरी येईपर्यंत मी तिच्याशी बोललो नाही. घरी येऊन मी फ्रिजचं दार उघडलं आणि समोर उभा राहिलो. थंड हवा पायावर येत होती, बाकी काही नाही. ती स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "आता वाजून राहिलं." मी दार लावलं. आयुष्यात मला इतकी भीती क्वचितच वाटली आहे.

कानाच्या डॉक्टरांकडे एका बंद खोलीत बसवतात, कानांवर हेडफोन चढवतात आणि हातात बटण देतात. आवाज आला की दाबायचं. सुरुवातीला मी भराभर दाबलं. मग बराच वेळ काही आलं नाही. मला वाटलं, बाहेर बसून तपासणाऱ्या बाईंना फोन आला असेल, पुढचं सुरू करतील. मी वाट बघत बसलो होतो आणि काचेपलीकडे त्या बाई एकामागून एक सूर लावत होत्या. दार उघडून त्या "झालं" म्हणाल्या तेव्हा मी विचारलं, "सुरू कधी झालं?" त्यांनी माझ्याकडे ज्या मायेने बघितलं ती मला नको होती.

डॉक्टरांनी सरळ सांगितलं. वर्षानुवर्षं स्पीकरला खेटून उभं राहिल्याने वरचे, बारीक आवाज गेलेत, ते परत येणार नाहीत. मशीन लावलं तर बोलणं ऐकायला सोपं जाईल, गाण्याचं काही सांगता येत नाही. मी एकच विचारलं, वाजवू शकेन का. ते म्हणाले, "ते तुम्हीच ठरवायचं." म्हणजे आता प्रश्न पेडलचा राहिलाच नव्हता. ज्याला आपलाच सूर पुरता ऐकू येत नाही त्याने मंचावर चढावं की गिटार कपाटावर टाकावी, एवढाच होता. विहाराच्या वर्धापनदिनाचा कार्यक्रम पंधरवड्यावर आला होता आणि पार्टीला माझं हो किंवा नाही कळवायचं होतं.

मी आमच्या गायकाच्या घरी गेलो. हा माझा तरुणपणापासूनचा मित्र, रेल्वेतून निवृत्त झालेला, आणि माझ्या चुका चारचौघांत मोठ्याने सांगण्याची त्याला भारी हौस. मी कानाचं सांगितलं. वाटलं, दचकेल. तो दचकला नाही, खाली बघत राहिला.

"तुले माहीत होतं?" मी विचारलं.

"होतं गा."

"कधीपासून?"

"लय झालं. तुह्या गिटारीचा आवाज कानाले कापे. मंग साउंडवाल्याले मी सांगून ठेवलं, याच्या लाइनची ट्रेबल पाडून देत जा. लोकाईले बरोबर ऐकू जाये. तुले काही समजे नाही."

म्हणजे मी मंचावर मान डोलावत सुराला धार लावायचो आणि समोर मिक्सरवर एक माणूस ती धार काढून घ्यायचा. अख्ख्या पार्टीला ठाऊक होतं. माझ्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं.

"मले काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तर तू गिटार गुंडाळून ठेवली असती. तुले काय मी ओळखत नाही? मंग मी कोणाच्या भरवशावर गायलो असतो?" एवढं बोलून तो घरात ओरडला की चहा ठेवा, याला साखर जास्त लागते. मी खूप रागात होतो. तरी चहा प्यालो, आणि जाताना त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला तो झटकून टाकला नाही.

दोन दिवसांनी बायकोने स्वतःच दुकानात फोन लावला आणि मालकांना सांगितलं की त्या डब्या दोन दिवस घरी द्या, मी ऐकून घेते. मी घेते, असं म्हणाली. मालकांनी दिल्या. समोरच्या खोलीत तिने पलंगावर मांडी घातली, मी खुर्चीत गिटार घेऊन बसलो आणि अॅम्प्लिफायर तिच्याकडे तोंड करून ठेवला. मला लाज वाटत होती. मला परीक्षा द्यायची होती आणि परीक्षक ती होती, जिला सा कुठला आणि प कुठला याच्याशी कधी देणंघेणं नव्हतं.

पण तिला ऐकू येत होतं. तिचे शब्द सगळे स्वयंपाकघरातले. "हे टोचते." "हे कच्चं आहे." "आता झाकण पडलं." "थांबा, थांबा, आता शिजलं." मी नॉब फिरवत होतो आणि ती सांगत होती. जिथे ती शिजलं म्हणायची तिथे मला सूर गोधडीत गुंडाळल्यासारखा लागायचा. मी कुरकुरलो की ती म्हणायची, "तुमच्या कानाचं नका सांगू, माह्या कानाचं सांगून राहिली मी." शेवटी दुसरी डबी ठरली, जिला मी झाकलेली म्हणून नापास केलं होतं. ड्राइव्ह थोडं, लेव्हल भरपूर, टोन अर्ध्याच्याही जरा खाली.

आणखी एक गोष्ट तिनेच दाखवली. "तुमी एवढं मारता काहून तारेले?" मला कळलं की हरवलेली धार शोधत मी गेली काही वर्षं तार ठोकत होतो. ओव्हरड्राइव्ह हाताला ओळखतं. हलकं छेडलं तर सूर साफ येतो, दाबून छेडलं तर फाटतो. हे मी नव्या पोरांना शिकवत आलो आणि स्वतः विसरलो. मग मी डोळे मिटून हळू वाजवायला बसलो. कानाला कमी आलं, पण गिटारीचं लाकूड बरगडीला टेकलेलं असतं, त्यातून सूर किती वेळ जिवंत आहे ते समजत होतं.

मी पार्टीला हो कळवलं. कार्यक्रमाला निघायच्या दिवशी तिने औषधाच्या डब्यातली जखमेवर लावायची चिकटपट्टी काढली आणि टोनच्या नॉबवर घट्ट बसवली. "तुमचा हात जाते तिथं. मले माहीत आहे," म्हणाली.

आणि हात गेलाच. दुसऱ्याच गाण्याला मला सगळं बोळा कोंबल्यासारखं वाटायला लागलं. समोर लोक बसले होते, त्यांत बायकोही होती, ढोलकी चढली होती, आणि माझी गिटार मला कुठेच सापडत नव्हती. गाण्यांच्या मधे मी वाकलो. बोट पट्टीच्या कडेखाली गेलं, कड सुटलीसुद्धा. एक चिमूट ओढली की झालं होतं. साउंडवाल्याला मी त्या दिवशी सांगून ठेवलं होतं की माझी लाइन आहे तशीच जाऊ दे, काही पाडू नको. म्हणजे आता जे जाईल ते थेट लोकांच्या कानात जाणार होतं. मला जे ऐकू येतं त्यावर विश्वास ठेवायचा की तिला जे ऐकू येतं त्यावर, हे वाकलेल्या अवस्थेत मला ठरवावं लागलं. मी कड अंगठ्याने दाबून बसवली आणि उभा राहिलो. गायकाने आईवरचं गाणं धरलं. त्यात मधे एक लांब जागा माझी असते. मी ती हलक्या हाताने वाजवली, शेवटचा सूर धरून ठेवला आणि लाकडातली थरथर थांबेपर्यंत सोडला नाही. कसं वाजलं ते मला कळलं नाही.

परत येताना काही विचारायचा धीर झाला नाही. सकाळी ती ओसरीत उन्हाला तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी जाऊन बसलो, एक मूठ शेंगा पुढ्यात ओढल्या.

"काल कसं वाजलं?"

"चांगलं वाजलं."

"चांगलं म्हणजे?"

इतक्या वर्षांत मी तिला हे विचारलं नव्हतं. तिने हातातली शेंग सोलून टाकली. मग म्हणाली, "ते आईच्या गाण्यात मधात तुमी एक सूर लांबवला ना, तो सुरू झाला तवा त्याले थोडी खरखर होती. टोचणारी नाही. माणूस रडून झाल्यावर बोलते ना, तशी. मंग ती खरखर हळूहळू कमी होत गेली, आणि शेवटी एकदम साफ झाला. साफ होऊनही थोडा वेळ राहिला. मंग गेला."

ज्या खरखरीसाठी माणूस हे पेडल विकत घेतो ती मला ऐकू आली नव्हती. तिचं साफ होणंही नाही. मला फक्त एक बोथट, लांब सूर आठवत होता. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत.

"पुन्हा सांग वं," मी म्हटलं.

तिने शेंगा बाजूला ठेवल्या आणि पहिल्यापासून सांगितलं.