स्वयंपाकघरातला पापा

रुझार कुलासोला जगात एकच प्रतिस्पर्धी होता, आणि तो त्याच्याच घरातल्या भिंतीवर टांगलेला होता.

भिंतीवरचा रुझार फार देखणा होता. पांढराशुभ्र कोट, पितळी बटणं, डोक्यावर टोपी, एक हात बोटीच्या कठड्यावर आणि नजर अशी लांबवर लावलेली, की समुद्र आपल्याला विचारल्याशिवाय उसळत नाही याची त्याला खात्रीच असावी. फ्रेम आल्ताराच्या, म्हणजे देव्हाऱ्याच्या, अगदी शेजारी होती. संध्याकाळी जपमाळ घेऊन घर तेर्साला बसलं की अर्धी भक्ती आल्तारावरच्या सायबिणीला जायची आणि अर्धी रुझारला.

कोट त्याचा नव्हता. बोटीवर दिवाडीचा एक बेनितो होता, कोट त्याचा. एखाद्या बंदराला बोट लागली आणि ऊन बरं पडलं, की बोटीवरचे सगळे गोंयकार आळीपाळीनं तो कोट घालून कठड्याला उभे राहायचे. त्यामुळे सासष्टीत आमच्या वाड्यावर तारवट्यांची, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्यांची, जेवढी घरं, तेवढ्या घरांत एकच कोट टांगलेला होता. त्याचं वरून तिसरं बटण लोंबत असे. इगर्जीसमोरचा फोटोवाला इनास हे सगळे फोटो मोठे करून द्यायचा. त्यानं बारीक ब्रशनं ते बटण घराघरात शिवून दिलं, आणि या कानाचं त्या कानाला कळू दिलं नाही.

खरा रुझार बोटीच्या पोटात, जिथे खिडकीसुद्धा नाही अशा खोलीत, कांदे सोलायचा. कांदे संपले की बटाटे, आणि बटाटे संपले की भांडी. घरी त्यानं फक्त 'किचनात आहे' एवढंच सांगितलं होतं. पुढचं काम त्याच्या आईनं, केरोबिनानं केलं. दर रविवारी मिस्सा सुटल्यावर इगर्जीच्या आवारात ती मुलाला थोडी थोडी बढती द्यायची. नातीचा बाप्तिस्मा होईपर्यंत रुझारच्या सल्ल्याशिवाय कप्तान सूप पीत नाही, इथपर्यंत प्रकरण गेलं होतं.

ही नात म्हणजे लिब्राता, घरातली लिबू. ती जन्मली तेव्हा रुझार समुद्रावर होता. त्यानं तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती चालायला लागली होती, आणि त्याला पाहून ती चालली ती थेट उलट्या दिशेनं. नवा माणूस आहे, होईल सवय, असं सगळे म्हणाले. सवय झालीही. तिनं त्याच्या हातून चॉकलेट घ्यायला सुरुवात केली आणि रजा संपली.

पुढच्या रजेला तिला बोलता येत होतं, आणि हे जास्त वाईट झालं. रुझार दारात हात पसरून उभा. आंजेलीननं, त्याच्या बायकोनं, लिबूला पुढे ढकललं आणि म्हणाली, "जा गो, पापा आला."

लिबूनं त्याच्याकडे नीट पाहिलं. मग भिंतीकडे बोट केलं.

"पापा तिथं आहे."

वाडा महिनाभर हसला. रुझारही हसला, कारण न हसून करतो काय. पण रोज तेर्स संपला की लिबू स्टुलावर चढून फ्रेमचा मुका घ्यायची, आणि फ्रेमच्या बरोबर खाली दाढी वाढलेला, बनियनमधला जो माणूस बसलेला असायचा, त्याला वळसा घालून झोपायला जायची. त्यानं तिच्यासाठी काय केलं नाही? घोडा झाला, माडाच्या पातीच्या पिपाण्या केल्या, पिपाणीवर पाव विकत हिंडणाऱ्या पदेराच्या भोंग्याची नक्कल केली. ती हसायची, पण पाहुण्याच्या विनोदाला हसावं तशी, बेतानं. एकदा तर बेनितोचा कोट मागवून घ्यावा असंही त्याच्या मनात आलं. मग एके दिवशी पेज जेवताना तिनं आजीला विचारलं, "शामाय, हा माणूस आपल्याकडे कधीपर्यंत राहणार?"

त्यावर मात्र कोणी हसलं नाही.

रजा संपत आली. आंजेलीन त्याची ट्रंक भरत होती. लोणच्याची बरणी कपड्यांत गुंडाळता गुंडाळता, त्याच्याकडे न बघताच ती म्हणाली, की चूक पोरीची नाहीच. तो फोटोतला माणूस आपल्यालाही नीट ओळखता येत नाही. तू तिथे झोपतोस कुठे, मोजे कुठे वाळत घालतोस, जेवायला बसतोस तेव्हा शेजारी कोण असतं, यातलं काही आपल्याला ठाऊक नाही.

"आता तो कोट पाठवू नकोस," ती म्हणाली. "तुझा बनियन पाठव."

"बनियन कसा पाठवू?"

"फोटोत पाठव. आत तू असलास म्हणजे झालं."

रुझारनं जिनोव्हाच्या बंदरात एक जुना कॅमेरा घेतला. आता तारवट्यांमध्ये असं कोणी करत नाही. घरी धाडायचा फोटो म्हणजे केस भिजवून, भांग पाडून, पाठीमागे एखादा मनोरा किंवा दुसऱ्याची मोटार घेऊन काढायची वस्तू. रुझार गालाला साबण फासून, आरशाच्या तुकड्यासमोर उभा राहिला आणि बेनितोला म्हणाला, काढ. बेनितोनं विचारलं, कोट आणू? रुझार म्हणाला, नको. बेनितोला वाटलं याला ताप आला. पुढे सगळ्या बोटीवर चेष्टा सुरू झाली. आज काय, पाय घासतानाचा? उद्या काय, जांभई देतानाचा? रुझार म्हणायचा, हो, तोही काढा.

असे फोटो जमत गेले. उलट्या बादलीवर बसून हातानं भात जेवणारा रुझार. भिंतीतल्या अरुंद खाटेवर झोपलेला, आणि तोंडावर दोरीवरच्या मोज्यांची सावली पडलेला रुझार. कांद्यांच्या ढिगामागे जेमतेम डोकं दिसणारा रुझार. बंदरावर उतरला तरी त्याला आता मनोरे दिसेनात. मार्सेलमध्ये त्यानं बेकरीतून लांबलचक पाव काखेत मारून घरी निघालेल्या एका म्हाताऱ्याचा फोटो काढला आणि रोलबरोबर धाडायच्या चिठ्ठीत लिहिलं, 'इथला पदेर घरोघर हिंडत नाही, माणसंच पावाकडे चालत जातात.' जिनोव्हात चौथ्या मजल्यावरून कपडे वाळत घालणाऱ्या बाईचा काढला. चिठ्ठीत लिहिलं, 'शर्ट इथेही उलटाच वाळत घालतात.'

बेनितो माणूस सोन्यासारखा, पण त्यानं काढलेल्या प्रत्येक फोटोत उजव्या कोपऱ्यात त्याचा अंगठा यायचा.

रजेवर येणाऱ्या कुणाच्या तरी खिशातून रोल इनासकडे यायचे. पहिला रोल धुतल्यावर, आपल्याकडे भलताच रोल आला असं त्याला वाटलं. मग कांद्यामागचं डोकं ओळखीचं निघालं. ते फोटो त्यानं पाकिटात घातले, पाकीट सदऱ्याच्या आत घातलं आणि दारूची बाटली आणावी तसा तो मागच्या दारानं कुलासोंच्या घरी आला.

केरोबिनानं फोटो एकेक करून पालथे घातले. म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"ह्यासाठी पाठवला त्याला?" शेवटी ती म्हणाली. "कांदे काय इथे नव्हते?"

हे फोटो सालीत, म्हणजे बाहेरच्या बैठकीच्या खोलीत, लागणार नाहीत, कोणाला दिसणार नाहीत, असा तिनं हुकूम सोडला. आंजेलीननं मान डोलावली आणि पेजेची खळ लावून सगळे फोटो स्वयंपाकघरात चिकटवले, जिथे बाहेरचं माणूस येत नाही आणि लिबू दिवसभर असते. इनासनं विचारलं, अंगठे कापून देऊ का, दोन मिनिटांचं काम आहे.

"राहू दे," आंजेलीन म्हणाली. "जवळ कोणीतरी आहे एवढं तरी कळतं."

मग घरात दोन दिवस एकदम चालू लागले, एक इथला आणि एक तिथला. सकाळी पदेराचा भोंगा वाजला की लिबू चहात उंडो बुडवून मार्सेलच्या म्हाताऱ्यासमोर बसायची. अंघोळीच्या वेळी पाण्याच्या घागरीमागे साबण फासलेला पापा. पेजेच्या वेळी बादलीवर बसलेला पापा. त्याला ती रोज दरडावायची, "पापा, हात धुतलेस?" तो कधी उत्तर द्यायचा नाही. म्हणजे धुतले नसणार, म्हणून ती त्याच्या वतीनं आपलेच पुन्हा धुवून यायची. अंगठा कोणाचा, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. पापाबरोबर तो असतोच, एवढं तिला ठाऊक होतं. नाक असतं तसा अंगठा. केरोबिना या सगळ्याला येडेपणा म्हणायची. पण एकदा शागुतीचा कांदा चिरताना ती एकटीच भिंतीकडे बघून, "साल जरा पातळ काढ रे पुता," असं पुटपुटत होती, आणि ते आंजेलीननं ऐकलं.

इकडचेही फोटो तिकडे जावेत म्हणून आंजेलीननं इनासला एकदा बोलावलं. नुसतं रोजचं काढायचं, असं दहा वेळा बजावलं. केरोबिना लग्नातला रेशमी झगा घालून, गळ्यात सोनं घालून विहिरीवर घागर घेऊन आली. इनासनं तसाच काढला. रुझारनं तो आपल्या खाटेच्या वर लावला, आणि बेनितोला सांगितलं की आमच्यात पाणी असंच भरतात.

बोट फिरत राहिली. लिबूचे दुधाचे दात पडायला लागले. फोटो धुरानं पिवळे झाले, आणि खाटेवरच्या रुझारच्या पायाशी आमटीचा एक शिंतोडा पडला. आंजेलीननं तो पुसला नाही, पुसताना पाय गेले असते. रात्रीचं जेवण झालं की दिवा उचलायच्या आधी ती तिथे क्षणभर थांबायची. लिबूला वाटायचं, माय मोजे वाळले का ते बघते.

शेवटी रजा मिळाली.

आता तारवटी घरी येतो कसा, हे आमच्याकडे ठरलेलं आहे. मुंबईत गावच्या कुडीत, गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडात, उतरायचं, खालच्या शिंप्याकडून सूट घ्यायचा, टाय, हॅट, गुळगुळीत दाढी, आणि मडगावहून टॅक्सी. वाड्यावरच्या खुरसाशी, म्हणजे क्रुसापाशी, आलं की ड्रायव्हरनं हॉर्न वाजवायचा. याशिवाय जो येतो, त्याची बोट बुडाली असं लोक समजतात. रुझारलाही दुसरं काही सुचलं नाही. आईची अब्रू होती, शिवाय हौसही होती. दोन वर्षं बनियनमध्ये फोटो काढून घेतलेला तो माणूस खुरसाशी हॉर्न वाजवत, नखशिखान्त सजून टॅक्सीतून उतरला.

लिबू पदेर येऊन गेल्यापासून बल्कांवात, दारापुढच्या ओट्यावर, बसली होती. तिनं सूट पाहिला, हॅट पाहिली. मग ती टॅक्सीपाशी गेली आणि आत वाकून बघू लागली, पापा मागच्या सीटवर तर बसला नाही ना. सीट रिकामी होती. ती वळली, स्वयंपाकघरात गेली आणि तिनं आतून कडी घातली.

सालीत शेजारी जमले, केक कापला, वाईन फिरली. केरोबिना सुटाचं कापड सगळ्यांना बोटांनी चाचपून बघायला लावत होती. रुझार भिंतीवरच्या कोटाखाली बसून मोठमोठ्यानं हसत होता, आणि त्याच्या ग्लासातली वाईन जेवढी होती तेवढीच होती. आंजेलीननं ते पाहिलं. "जरा धीर धर," एवढंच ती म्हणाली.

सकाळी भोंग्याच्याही आधी त्याला जाग आली. बोटीची सवय. बनियन होता, दाढीचे खुंट आले होते. काय करावं ते कळेना. हातांना एकच काम येत होतं. त्यानं कांद्यांची टोपली ओढली, मागच्या दाराच्या पायरीवर बसला, आणि सोलू लागला.

मागे पावलं वाजली, आणि उंबऱ्याशी थांबली. रुझारनं मान वर केली नाही. वर केली तर पावलं परत फिरतील, असं त्याला वाटलं. सुरी चालत राहिली. एकदा साल तुटली, एरवी त्याची तुटत नसे.

लिबू पुढे येऊन अंगणात त्याच्यासमोर उभी राहिली. काहीतरी कमी होतं. ती डावीकडे सरकली, उजवीकडे सरकली. मग तिनं एक डोळा मिटला, आणि दुसऱ्या डोळ्याच्या कडेला, उजव्या कोपऱ्यात, आपला अंगठा धरला.

"पापा," ती म्हणाली, "हात धुतलेस?"

त्यानं नुसती मान हलवली. नाही म्हणून की हो म्हणून, ते त्यालाही कळलं नाही. ती विहिरीवरून तांब्या घेऊन आली, त्याच्या हातांवर पाणी ओतलं, आणि पायरीवर त्याच्या शेजारी, उजव्या बाजूला, बसली. त्यानं पुढचा कांदा घेतला. मग त्याच्या पुढचा.

उजाडलं. पदेर येऊन गेला. केरोबिना मागल्या दारी आली तेव्हा टोपली रिकामी झाली होती आणि परातीत कांद्यांचा डोंगर उभा होता.

"इतके कांदे कोणाच्या लग्नाला रे, पुता?"

रुझार रिकाम्या टोपलीत हात फिरवत राहिला. सालीत ट्रंक अजून दोरी न सोडता तशीच उभी होती, आणि रजेचे दिवस आतापासूनच सरायला लागले होते. "शामाय, अजून आहेत का?" लिबूनं विचारलं. केरोबिनानं परातीकडे पाहिलं. ती आत गेली, आणि फळीवरची कांद्यांची दुसरी माळ काढून तिनं मुलाच्या पुढ्यात ठेवली.